दात, केसपेपर आणि आमची दातखीळ

जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, त्यानंतरचे काही दिवस आमच्या डेंटिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळेच एकदम फॉरेन्सिकवाले झाले होते. 12 जूनची दुपार, लंडनला निघालेलं विमान, आत 242 माणसं, त्यातला एकच वाचला, आणि खाली मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलची मेस, तिथली आणि आसपासची धरून आकडा 260 वर गेला. क्रूमधली बरीच मंडळी आपल्या मुंबई, डोंबिवली, पनवेलकडची होती त्यामुळे इकडे पण लोक टीव्हीला चिकटून बसलेले. बहुतेकांची ओळख शेवटी डीएनएवरच पटली, पण अहमदाबादच्या फॉरेन्सिक डेंटिस्टांनी शंभरावर जळालेल्या देहांच्या दातांच्या नोंदी घेतल्या अशी बातमी आली आणि क्लिनिकमध्ये येणारा प्रत्येक पेशंट तोंडात कापूस असताना सुद्धा तेच विचारायला लागला. मॅडम, दातावरून खरंच माणूस कळतो का हो?

कळतो. म्हणजे कळू शकतो, जर कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असेल तर. माझं सगळं म्हणणं या "जर" वरच आहे खरं तर, पण आधी दाताबद्दल सांगते.

दाताच्या वरचं आवरण, इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाच्या हिशोबाने साधारण 96 टक्के नुसतं खनिज. चेहरा जळतो, बोटांचे ठसे जातात, पाण्यात राहिलेला देह आठवड्यात ओळखू येईनासा होतो, दात मात्र टिकतात. आगीत पुढचे दात लवकर तडकतात कारण ओठ आधी जळून जातात, पण दाढांना बाहेरून गाल आणि आतून जीभ असते त्यामुळे त्या बऱ्याचदा धड सापडतात, आणि दाढेच्या आत जो पल्प असतो (ज्यासाठी आम्ही रूट कॅनालचे पैसे घेतो तोच) त्यातून डीएनए पण निघू शकतो. म्हणजे डीएनए विरुद्ध दात अशी काही मॅच नाहीये, बऱ्याच वेळा डीएनएच दातातून येतो.

आणि जुळवतात कसं, तर सिनेमात दाखवतात तसं कॉम्प्युटरवर लाल लाइन फिरून टुंग वाजत नाही. जबडा समोर ठेवायचा, एकेका दाताचा नंबर घेत चार्ट भरायचा. समजा 36 नंबर, म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, जी सहाव्या वर्षी येते आणि सगळ्यात आधी किडते. मृताच्या 36 ला आरसीटी (म्हणजे रूट कॅनाल) करून कॅप बसवलेली आहे, आणि माणूस हयात असतानाच्या रेकॉर्डमध्ये त्याच दाढेत नुसती चांदी भरलेली आहे. हे जुळतं का? जुळू शकतं, मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी आरसीटी केली असेल. आता उलटं बघा, रेकॉर्ड म्हणतंय 36 काढून टाकली आणि समोरच्या जबड्यात ती अक्खी उभी आहे. मग तो माणूस तो नाहीच, विषय संपला, काढलेली पक्की दाढ परत उगवत नाही. इतकं साधं आहे हे. फिंगरप्रिंटसारखे इतके पॉइंट जुळलेच पाहिजेत असा आकडा पण नसतो, मुळाचा एखादा विचित्र वाक, सायनसच्या तळाची रेघ, भरलेल्या सिमेंटचा एक्स-रेमधला वेडावाकडा आकार, एवढ्यावर सुद्धा ओळख पटते.

हे काही आजचं नाही. पॅरिसमध्ये 4 मे 1897 ला एका धर्मादाय बाजाराला आग लागली. तिथे सिनेमॅटोग्राफचा खेळ ठेवला होता, त्याच्या दिव्याच्या ईथरने पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळ्या मोठ्या घरच्या बायका. कपडे, दागिने बघून ज्यांची ओळख पटली ती पटली, उरलेल्यांसाठी कुणीतरी सुचवलं की यांच्या डेंटिस्टना बोलवा. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीण, डचेस ऑफ अलाँसाँ, तिची ओळख तिच्या डेंटिस्टने पटवली, कारण त्याच्याकडे तिच्या दातांच्या नोंदी होत्या. ऑस्कर अमोएदो म्हणून एक क्युबन डेंटिस्ट तेव्हा पॅरिसला शिकवायचा, त्याने पुढच्या वर्षी या सगळ्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आमच्या पुस्तकांत तो फॉरेन्सिक दंतशास्त्राचा जनक म्हणून येतो. पण मला तरी त्या कहाणीतला मोठा माणूस डचेसचा डेंटिस्टच वाटतो. त्याने काहीही शोध लावला नव्हता, फक्त कुठल्या दाताला काय केलं ते नीट लिहून ठेवलं होतं.

2004 च्या त्सुनामीत तर हे फारच उघडं पडलं. थायलंडला किनाऱ्यावर हजारो देह, उष्ण हवा, चेहरे दोन दिवसांत ओळखण्यापलीकडचे. इंटरपोलच्या पद्धतीत पक्क्या ओळखीच्या तीनच गोष्टी धरतात, बोटांचे ठसे, दात आणि डीएनए, आणि फॉर्म दोन रंगांचे, हयातीतली माहिती पिवळ्यावर, मृतदेहाची गुलाबीवर, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक ओळखी दातांवरूनच पटल्या, पण कुणाच्या? तर युरोपातून फिरायला आलेल्यांच्या. त्यांच्या गावच्या डेंटिस्टने एक्स-रे पाठवून दिले, काम झालं. स्थानिक थाई माणसांचं रेकॉर्डच नव्हतं. गुलाबी फॉर्म भरलेला, पिवळा कोरा.

आता हे वाचून आपण आपल्याकडचं आठवून बघा. आपल्याकडे एक्स-रे ही पेशंटची प्रॉपर्टी, तो घरी नेतो, कपाटावर ठेवतो, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. डेंटिस्टकडे काय राहतं तर केसपेपरवर "आरसीटी, एल एल 6" (म्हणजे तीच खालची डावी दाढ) आणि पुढे ॲडव्हान्स किती बाकी किती. पैशाची नोंद चोख, उरलेल्या एकतीस दातांचा पत्ता नाही. ज्या दाढेचं दुखतंय तेवढीच लिहायची ही आमची सवय आहे. शहरातल्या मोठ्या क्लिनिकांत सॉफ्टवेअर आलंय, आरव्हीजी म्हणजे डिजिटल एक्स-रे आलंय, ते ठीक, पण सॉफ्टवेअरमध्ये पण माणसंच भरतात ना, आणि ती भरतात बिल.

तरी आपल्या तोंडांत वाचण्यासारखं खूप असतं. मिशेरी लावणाऱ्या बाईचे दात लांबून ओळखता येतात, गुटख्याचे वेगळे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यातल्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाच्या दातांवर पांढरे तपकिरी डाग असतात, अनोळखी मृतदेहाला नाव नाही मिळालं तरी तो कुठल्या भागात लहानाचा मोठा झाला असेल याचा अंदाज येतो. आजकाल हसतानाचे सेल्फी पण उपयोगी पडतात, पुढचे सहा दात दिसले तरी बरंच काही जुळवून बघता येतं, त्यामुळे फोटोत तोंड मिटून हसणाऱ्यांनी जरा विचार करावा. आणि कवळी. कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये नावाची चिठ्ठी घालायला लॅबला फार काही लागत नाही, मी सगळ्या म्हाताऱ्या पेशंटना विचारते, बहुतेक जण नको म्हणतात, "मेल्यावरचं आत्ताच कशाला." एका वृद्धाश्रमाने मात्र सगळ्यांच्या कवळ्यांवर नावं घालून घेतली, फॉरेन्सिकसाठी नव्हे, तिथे रात्री वाट्यांत ठेवलेल्या कवळ्या सकाळी अदलाबदल होऊन भांडणं व्हायची म्हणून.

जिवंत माणसाच्या बाबतीत पण कोर्टाला आमची गरज लागते ती वयासाठी. मुलगी सज्ञान आहे का नाही, आरोपी 18 च्या खालचा का वरचा. कायद्याने (2015 चा जेजे ॲक्ट, म्हणजे बाल न्याय कायदा, कलम 94) आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला, आणि ते काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. तेव्हा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून अक्कलदाढेची मुळं किती बंद झालीत ते बघतात. पण यात एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतातच, आणि नेमका वाद सतरा का अठरा यावरच असतो, त्यामुळे जो डेंटिस्ट छातीठोकपणे वय सांगतो त्याच्यापासून लांब राहावं.

छातीठोकपणावरून आठवलं, चावल्याच्या खुणा. लोकांना फॉरेन्सिक डेंटिस्ट म्हटलं की हेच डोळ्यासमोर येतं. दिल्लीच्या 2012 च्या निर्भया केसमध्ये चाव्यांच्या खुणांचं विश्लेषण धारवाडच्या डेंटल कॉलेजमधल्या तज्ज्ञाने केलं होतं आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने बाकीच्या पुराव्याबरोबर ते पण मान्य केलं. आमच्या क्षेत्रात याचा सगळ्यांना अभिमान आहे. पण त्या केसमध्ये डीएनए होता, साक्षी होत्या, पीडितेचे मृत्यूपूर्व जबाब होते, चावा हा त्यातला एक धागा. नुसत्या चाव्यावर केस उभी केली की काय होतं ते अमेरिकेत बघा. रे क्रोन म्हणून ॲरिझोनाचा माणूस, पुढचे दात वेडेवाकडे, एका बारमधल्या बाईच्या खुनात 1992 मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, मुख्य पुरावा काय तर अंगावरचा चावा याच्या दातांशी जुळतो. पेपरवाल्यांनी दातांवरून त्याचं नाव पण पाडलं. 2002 मध्ये डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला आणि हा सुटला, दहा वर्षं आत काढून. तिथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने 2009 मध्ये स्पष्ट लिहिलं की चाव्यावरून एकाच माणसाकडे बोट दाखवण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. कातडी ताणते, सुजते, हलते, ती काय दातांचा साचा घ्यायचं मटेरियल आहे का. चाव्याची खरी किंमत त्यावरच्या लाळेत आहे. आधी ओल्या स्वॅबने आणि मग कोरड्या स्वॅबने लाळ टिपून घ्यायची, आणि हे जखम धुवायच्या आधी. आणि दुसरी किंमत मापात, वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर तो चावा मोठ्या माणसाचा असण्याचीच शक्यता जास्त. आई म्हणते धाकट्या भावाने चावलं आणि धाकटा भाऊ आहे दोन वर्षांचा.

तर आता मुलांकडे येते. इथे आमची दातखीळ बसते ती बसतेच.

मारहाण होणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा जखमा डोकं, चेहरा, मान याच भागात असतात. म्हणजे नेमकं ते ठिकाण जिथे आम्ही आठ इंचांवरून, डोक्यावर लाइट लावून, वीस मिनिटं बघत असतो. इतक्या जवळून इतका वेळ दुसरं कोण बघतं? फिजिशियन पोटावर स्टेथोस्कोप ठेवून मोकळा. हेन्री केम्प नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने 1962 मध्ये मारलेल्या मुलांबद्दलचा तो गाजलेला पेपर लिहिला, तोवर डॉक्टर लोक लहान मुलांच्या मोडलेल्या हाडांना कसले कसले आजार समजत होते, कारण आईबाप असं करतील हे मनातच येत नव्हतं. आपल्याकडे तर ते मनात आलं तरी घरगुती मामला म्हणून सोडून द्यायची पद्धत. शिस्त लावायला एखादी दिली तर काय झालं, आम्ही पण खाल्लाच की मार.

बघायचं काय, तर वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचलायचा, ओठ आणि हिरडी जोडणारी मधली पातळ पट्टी दिसते, फ्रेनम. ती फाटलेली असेल तर थांबायचं. नुकतं चालायला लागलेलं पोर धडपडून पडतं तेव्हा पण ती फाटते, त्यामुळे फ्रेनम फाटलं म्हणजे मारलंच असं अजिबात नाही. पण जे बाळ अजून रांगत पण नाही त्याचं फ्रेनम फाटलं कसं? रडणाऱ्या बाळाच्या तोंडात बाटली नाहीतर चमचा जोरात कोंबला तर फाटतं. मग कान, कानाच्या मागची बाजू, मान, गालाचा मऊ भाग. पडणारं मूल कपाळावर, हनुवटीवर, नाकावर, गुडघ्यावर पडतं, जिथे हाड वर आहे तिथे. कानाच्या पाळीवर पडता येत नाही. तोंडाच्या कोपऱ्यापासून मागे जाणारे वळ बोळा बांधल्याचे असू शकतात. टाळूच्या मागच्या भागात, जिथे कठीण टाळू संपून मऊ सुरू होते तिथे बारीक लाल ठिपके, घसा बसलेला नाही, ताप नाही, तर एक शंका मनात ठेवावी लागते जी लिहायला सुद्धा जड जाते. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा ते मात्र सांगायला जाऊ नये, ते शिकवलेलं सगळं कच्चं आहे.

किडलेले दात म्हणजे हेळसांड का? यावर माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडची कुटुंबं येतात, त्यांच्या पोरांच्या दुधाच्या दातांची नुसती खुंटं राहिलेली असतात. त्या आईला दोषी धरणार? ती पहाटे फडात जाते, फडापासून दवाखाना लांब आणि एक दिवस बुडाला की मुकादमाची बोलणी. ती गरिबी आहे. हेळसांड कुठे, तर गाडीतून आलेले, सगळं समजावून सांगितलेलं, पोराचा गाल सुजलाय, पोर रात्रभर झोपत नाही हे स्वतःच सांगणारे, आणि तरी तीन महिने अपॉइंटमेंट पुढे ढकलणारे पालक. पुस्तकातली व्याख्या पण हीच आहे, माहीत असून, शक्य असून न करणं.

विचारायचं कसं हा खरा प्रश्न. एक चार वर्षांचा पोरगा आला होता, बरोबर आई आणि आजी, ओठ टम्म, फ्रेनम फाटलेलं, 51 नंबरचा, म्हणजे वरचा उजवा पुढचा दुधाचा दात हलत होता. आईला विचारलं, म्हणाली पायरीवरून पडला. आजीला असिस्टंटने बाहेर नाव-पत्ता घेताना सहज विचारलं, पायरीवरूनच. पोराच्या हातात आरसा दिला, त्याला माझे दात मोजायला सांगितले आणि मोजता मोजता विचारलं, कुणी रे पाडलं तुला? तर म्हणे टिंगूने. टिंगू कोण? आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. टिंगू म्हणजे त्यांचं करडू, जे अंगणाच्या पायरीवर त्याला ढुशी देऊन पळालं होतं. तळहात खरचटलेले, दोन्ही गुडघे खरचटलेले, हनुवटीवर माती. गोष्ट आणि जखम एकमेकांशी बोलत होत्या. तरी मी सगळं लिहून काढलं, टिंगूसकट. कुणाला आरोपी न करता विचारता येतं, शक्यतो मूल एकटं असताना, मोकळा प्रश्न, "तुला बाबांनी मारलं का" असला तोंडात घास देणारा नाही.

ज्या वेळी गोष्ट आणि जखम जुळल्या नाहीत त्या मुलांबद्दल इथे लिहिणार नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम 23 प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही आणि आमच्या तालुक्याच्या गावात ओळख पटायला नुसती गल्ली सांगितली तरी पुरते.

पण कायदा सगळ्या डॉक्टरांना माहीत हवा. पोक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे, कलम 19 सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि चांगल्या हेतूने कळवलं आणि ते चुकीचं निघालं तर तुमच्यावर काही कारवाई होत नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या ग्रुपवर कुणी वाचतच नाही. लोकांना वाटतं हे कागदावरचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या आदिवासी मुलींच्या हॉस्टेलच्या केसमध्ये मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याबद्दलच गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द केला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परत उभा केला, वर हे पण म्हटलं की असा गुन्हा वेळेत आणि नीट कळवणं फार महत्त्वाचं आहे आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा. नुसत्या मारहाणीला पोक्सो लागत नाही, तिथे जेजे ॲक्टचं कलम 75 आहे, बाल कल्याण समिती आहे, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, चोवीस तास. पुरावा गोळा करून आरोपी ठरवणं हे आमचं काम नाहीच मुळी. शंका कळवायची, पुढचं त्यांनी बघायचं.

मध्यंतरी आमच्या असोसिएशनच्या मीटिंगला मी हा विषय काढला. जेवायच्या आधीचा स्लॉट, त्यामुळे अर्धे लोक पनीरच्या वासाकडे. एक म्हणाले, गावात राहायचंय मॅडम, उद्या तो बाप दगड घेऊन काचेवर आला तर? ही भीती खरी आहे, मी खोडणार नाही, एकट्या क्लिनिकवाल्याला पाठीशी संस्था नसते, म्हणून तर म्हणते की असोसिएशनने एक माणूस नेमावा ज्याला आधी फोन करता येईल. दुसरे म्हणाले, आम्हाला बीडीएसला हे शिकवलंच नाही. शिकवतात हो, फॉरेन्सिकचं एक प्रकरण असतं, त्यात चाव्याच्या खुणा पाठ करून घेतात आणि फ्रेनम दोन ओळींत उरकतात.

मग विचारलं गेलं की नेमकं लिहायचं काय. मी माझाच एक केसपेपर, नाव झाकून, स्क्रीनवर टाकला. तारीख, वेळ, बरोबर कोण आलं, जखम होऊन किती तास झाले. जखम कुठे, किती मिलिमीटर, मोजपट्टी शेजारी धरून फोटो. आई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आपलं मत वेगळ्या ओळीत. तोंडातल्या सगळ्या दातांचा चार्ट, फक्त दुखणाऱ्याचा नाही, म्हणजे तोच कागद उद्या कुठल्या पिवळ्या फॉर्मसाठी लागला तरी चालेल. मागच्या रांगेतून आवाज आला, एवढं सगळं लिहायला वेळ कुणाला आहे? हेच सर फुल माउथ इम्प्लांटचं कोटेशन चार पानी टाइप करून देतात, ईएमआयच्या तक्त्यासकट.